घरच्या संगणकावर कुठला ब्राउझर?

सौंसरला आमच्या घरी अजून विंडोज ७ वालाच डेस्कटॉप आहे. क्रोमने २०२३ मध्ये या विंडोजची साथ सोडली. १०९ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती. पानं उघडतात, म्हणून बाबांना सगळं ठीकच वाटायचं. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेल्या, आणि बँकेचा पासवर्ड टाकायचा तो त्यातच! फायरफॉक्सने मात्र ११५ ईएसआर या आवृत्तीतून जुन्या विंडोजला त्यानंतरही दुरुस्त्या दिल्या, म्हणून मी तो घेतला. मेनूही मराठीत केला. बाहेर सगळे फॉर्म हिंदीत भरणारी आई तो वाचून खूश झाली.

तुमच्याकडे विंडोज ११ असेल, तर क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्ही चालतील. फक्त वेग बघण्याआधी एवढं बघा: अपडेट येतात ना?