मापाचा ब्लाऊज

पैठणी घ्या, इरकल घ्या, नाहीतर रोजची सुती साडी घ्या. दुकानदार ती घडी घालून पिशवीत टाकतो, त्याचं काम संपतं. बाईचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. साडेपाच मीटर साडीच्या टोकाला आणखी ऐंशी सेंटिमीटर विणलेलं असतं. ते कापून कुणाकडे तरी न्यायचं असतं, आणि हे 'कुणाकडे तरी' प्रत्येकीचं ठरलेलं असतं. शहर बदललं तर एक वेळ डॉक्टर लगेच मिळेल, ब्लाऊज शिवणारी मिळायला दोन वर्षं जातात.

शर्ट, पँट, कुर्ती, झबली सगळं तयार मिळतं. आता तर शिवलेली नऊवारीही मिळते, पायजम्यासारखी चढवायची. तयार ब्लाऊजसुद्धा मिळतात, ताणणाऱ्या कापडाचे. घाईच्या वेळी ते चालवून घेतात, पण पोराच्या लग्नात पैठणीवर तो घालून बाई मिरवत नाही. एकेका अंगासाठी वेगळं बेतलं जाणारं आणि तरी सामान्य घराला परवडणारं असं हे बहुधा शेवटचं वस्त्र. ते शिवणारीच्या दारावर पुष्कळदा नावही नसतं. 'येथे ब्लाऊज व ड्रेस शिवून मिळतील. फॉल-पिको करून मिळेल' एवढीच पाटी असते, खाली फोन नंबर.

कारखान्याला हे वस्त्र का जमलं नाही, हे समजायला ते उलटं करून बघावं लागतं. शर्ट अंगापेक्षा चार-सहा इंच सैल असतो आणि त्या सैलपणात अंगाचं सगळं उणंअधिक खपतं. ब्लाऊजचं कापड ताणत नाही, आणि छातीला त्यात सैल सोडायचं ते इंच-दीड इंच. छत्तीस छातीच्या तीन बायका शेजारी उभ्या करा. एकीचे खांदे उतरते असतात, दुसरी पाठीत किंचित वाकलेली, तिसरीचे दंड जड. टेपवर तिघींचा आकडा तोच, पण एकीचा ब्लाऊज दुसरीला होणार नाही. म्हणून वहीत नुसती छाती आणि कंबर लिहून भागत नाही. उंची, खांदा, मुंढा, दंडाचा घेर, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा, आणि खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर, जिथे टक्स संपायला हवेत. हे शेवटचं माप चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही ब्लाऊज वाईट दिसतो. पुरुष शिंप्याला ते नीट घेता येत नसे. तो टेप लांबून धरायचा आणि बाकीचं अंदाजाने. बायकांचं शिवण बायकांकडे गेलं त्यामागे स्वस्ताईइतकंच हेही कारण असावं.

कटिंगची सूत्रं असतात. छातीच्या मापाचा चौथा भाग अमुक ठिकाणी, बारावा भाग गळ्याच्या रुंदीला, असं सगळं छातीवरून काढत जायचं. झारापकरांच्या पद्धतीचं कटिंगचं पुस्तक मराठी घरांतल्या कितीतरी शिवणयंत्रांच्या खणात सापडेल, पानांवर खडूचे ठसे उमटलेलं. शिकाऊ मुलीला ही सूत्रं तोंडपाठ असतात. ती कुठे मोडायची हे मुरलेल्या शिवणारीला कळतं.

मुंढ्याचंच घ्या. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडली जाते तो काखेभोवतीचा गोल. हात मोकळा राहावा म्हणून नवशिकी तो खोल कापते. होतं उलटंच. मुंढा जितका खाली उतरतो तितका हात वर करताना अख्खा ब्लाऊज वर ओढला जातो. काखेच्या जवळ बसलेला, वरवर घट्ट वाटणारा मुंढा हाताला जास्त मोकळीक देतो. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा जास्त कोरायचा, कारण हात पुढे जातात, मागे क्वचितच. आणि बाहीचा वरचा गोलवा त्या दोन्हींशी जमला पाहिजे. "काकू, जरा हात वर करा. आता फळीवरचा डबा काढल्यासारखं करा," असं ट्रायलला सांगणारी ताई भेटली तर तिला सोडू नये.

चार टक्सचा साधा ब्लाऊज, कटोरी, प्रिन्सेस कट हे सगळे सपाट कापडाला गोलाई देण्याचे वेगवेगळे मार्ग. टक्समध्ये जादा कापड चिमटून टाकलं जातं. कटोरीत छातीचा भाग वेगळा तुकडा म्हणून कापून जोडतात, आणि तो बहुतेक वेळा तिरका बेततात. कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने ताणत नाही, तिरकं मात्र थोडं देतं. गळ्याची पट्टी तिरकी कापण्याचं कारण तेच, नाहीतर ती वळणावर चुणते. ऐंशी सेंटिमीटरमध्ये हे सगळे तुकडे बसवायचे, काठ बाहीवर यायला हवा, बुट्टी पाठीच्या मधोमध, शिवाय आत माया, म्हणजे पुढे सैल करता येईल एवढं जादा कापड, सोडायची. कात्री लावण्याआधी कापडाकडे बघत बसलेली ताई रिकामी बसलीय असं घरच्यांना वाटतं.

जुन्या चोळीत ही काटकसर जास्त सोपी होती. तिच्यासाठी बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणलेला खण महाराष्ट्रभर विकला जायचा, अजूनही जातो. पन्हा कमी, दोन्ही कडांना काठ. चोळीचे तुकडे बव्हंशी चौकोनी आणि त्रिकोणी, पुढे गाठ, त्यामुळे कंबर-छातीचा फरक गाठीतच मिटायचा. बाळंतपणानंतर गाठ सैल बांधायची, की झालं. गाठीची जागा हुकांनी घेतली तेव्हापासून मापाला महत्त्व आलं.

आजचा ब्लाऊज घडण्यात मुंबईचा हात मोठा आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएसमधले पहिले भारतीय. १८६०च्या दशकात त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि पत्नी ज्ञानदानंदिनी देवी त्यांच्याबरोबर आल्या. इथल्या पारशी बायकांची साडी नेसायची आणि आत शिवलेलं पोलकं घालायची पद्धत त्यांनी पाहिली, त्यात आपले बदल केले आणि ती बंगालात नेली. पुढे राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघर गेली, आणि देवीच पोलकं घालून भिंतीवर आल्यावर सुनांना कोण अडवणार?

पण आवड असून भागत नाही, शिवायला यंत्र लागतं. यंत्राची सुरुवात तर शिंप्यांच्या संतापाने झाली. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए याच्या यंत्रांवर सैन्याचे गणवेश शिवले जाऊ लागले, तेव्हा पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती फोडून टाकली. ही १८३०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेत १८४६ मध्ये एलियास हाउने आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने पेटंट घेतलं. सिंगरची खरी करामत मात्र विक्रीत होती. यंत्र हप्त्यांनी मिळू लागलं. हिंदुस्थानातला कंपनीचा कारभार दीर्घकाळ एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांनी पाहिला. पुढे १९३०च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचं 'उषा' आलं आणि यंत्र देशी झालं. त्याआधी, १९२४ मध्ये गांधीजींना विचारलं गेलं, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून नाव घेतलं ते सिंगरच्या शिवणयंत्राचंच. एका माणसाने घरात बसून, आपल्या पायाच्या बळावर चालवायचं यंत्र त्यांच्या हिशेबात बसत होतं.

त्या यंत्राची युक्ती आजही बदललेली नाही. सुईचं नेढं टोकाशी असतं. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर उचलली जाते, तेव्हा मागे दोऱ्याचा छोटा फासा उरतो. खालचं हूक तो फासा पकडतं आणि बॉबीनभोवतून फिरवतं, की दोन दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. वरचा ताण जास्त झाला तर खालचा दोरा वर डोकावतो, कमी झाला तर खाली गुंता. रेशमी कापडाला अकरा नंबरची बारीक सुई, सुती-अस्तराला चौदा. जुन्या पायमशीनला आता बहुतेकींनी मोटर बसवून घेतली आहे, काहींकडे कारखान्यात वापरतात तशी जुकी मशीनही असते. ती मिनिटाला हजारो टाके मारते. ब्लाऊजच्या मुंढ्यावर त्या वेगाचा काडीचा उपयोग नाही, तिथे पाऊल उचलून, कापड वळवून, पुन्हा पाऊल टेकवत चालावं लागतं.

बाईच्या हाती शिवण हा धंदा म्हणून देण्याचं काम आपल्याकडे संस्थांनी केलं. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत. विधवेला, टाकलेल्या बाईला चार पैसे मिळावेत हा हेतू. पुढे आयटीआयमध्ये वर्षभराचा अभ्यासक्रम आला. सप्टेंबर २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. शिवाय कुठल्याही पुढाऱ्याच्या वाढदिवसाला 'महिलांना शिलाई मशीन वाटप' असतंच. मला याची गंमत वाटते. देणाऱ्यांना यंत्र दिसतं, कारण त्याच्यासोबत फोटो निघतो. सरळ टीप मारायला कुणीही महिन्याभरात शिकतं. बेतायला शिकण्यासाठी कुणाच्या तरी शेजारी बसून शेकडो ब्लाऊज उसवावे लागतात, आणि त्याचं वाटप करता येत नाही. म्हणूनच गल्लीत यंत्रं बारा आणि गर्दी एकीच्याच दारात, असं चित्र दिसतं.

हाच घोळ दरातही आहे. ताईंच्या भिंतीवरच्या कागदावर साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस अशी चढती भाजणी लावलेली असते. दर ठरतो तो प्रकारावर. अवघड अंगाला जास्त पैसे, असं कुणी लिहीत नाही आणि लिहिताही येणार नाही. कापताना गेलेला वेळ कशातच धरलेला नसतो. अस्तराचं कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगतं. हेम, हूक, काजं ही हातशिलाई शेजारची एखादी मुलगी नगावर करून देते, तिचे पैसे यातूनच. दोरा, हूक, कॅनव्हास, वीज हेही यातूनच. आणि दहा हजारांची साडी घेऊन आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, पन्नास कमी करा ना, नेहमीचे आपण." नंतर सैल-घट्ट करणं तर फुकटच. गौरी-गणपती आणि लग्नसराईत पिशव्यांचा ढीग दारापर्यंत येतो. 'परवा न्या' मधला परवा कधी उगवत नाही याची आपण चेष्टा करतो. पण त्यातलं निम्मं ओझं आपणच आणून टाकलेलं असतं, आदल्या आठवड्यात.

तरीही हा धंदा टिकून आहे, त्याला एक भाबडी वाटणारी वस्तू कारणीभूत आहे. 'मापाचा ब्लाऊज'. टेप टाळून बायका आपला नीट बसणारा जुना ब्लाऊज माप म्हणून देतात. सोयीचं असतं, पण त्यात सापळाही आहे. तो तीन वर्षांपूर्वीच्या अंगाचा असतो. वापरून त्याचा गळा ताणलेला, काख सैलावलेली. जाणती शिवणारी तो जमिनीवर पसरते, कापडाचा ताण किती ते बोटांनी बघते, मग बाईकडे एक नजर टाकते आणि वहीत मनाचा आकडा लिहिते. "याच्यापेक्षा अर्धा इंच जास्त ठेवते हं," हे वाक्य बोलायलाही कसब लागतं. आवाजात 'तुम्ही जाड झालात' उमटता कामा नये.

गेल्या काही वर्षांत याच घरांतून नवं काही निघालं आहे. खणाचे ड्रेस, इरकलचे कुर्ते, आरी वर्कच्या बाह्या, सगळं फोनवर फोटो टाकून विकलं जातं. हे डिझाइन आहे, पण शहरी डिझायनरच्या अर्थाने कागदावरचं नव्हे, कापडाच्या पन्ह्यातून सुचलेलं. खणाचा पन्हा अरुंद, त्यातून घेरदार ड्रेस निघत नाही, म्हणून कळ्या जोडायच्या, आणि जोड लपत नाही तर मग काठच जोडावर आणून बसवायचा. उरलेल्या तुकड्यांचे बटवे. इथवर ठीक. अडचण येते ती एस-एम-एलची. अनोळखी बाईसाठी शिवायला लागलं, की आयुष्यभर जमवलेलं कसब बाजूला ठेवून सरासरी अंगासाठी शिवावं लागतं, आणि तिथे समोर कारखाना उभा असतो. स्वस्तात तो जिंकणार. शहाण्या बायका त्यामुळे फोनवरही मापच मागतात. तुमचा चांगला बसणारा ब्लाऊज सपाट पसरा, टेप ठेवा, फोटो पाठवा.

न्यू जर्सी किंवा दुबईहून डिसेंबरात येणाऱ्या मराठी बायकांचं तर हे वार्षिक कर्मकांड झालंय. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी साड्यांची पिशवी ताईंकडे, मापाचा ब्लाऊज तिथेच कायमचा ठेवलेला. त्यांच्या ब्लाऊजमध्ये माया थोडी जास्त सोडतात. बगलेला एकाऐवजी तीन टिपा, पाव-पाव इंचावर, आतून बाहेर. तिकडे उसवून द्यायला कुणी नसतं, पण कात्रीच्या टोकाने एक टीप उसवणं कुणालाही जमतं.