दूरचा समुद्र आणि बीडचा पाऊस

मृग नक्षत्र लागले की बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच बहुतेक पाऊस सांडून मोकळे होतात. बालाघाटच्या डोंगरापर्यंत पोहोचतो तो उरलासुरला वाटा. वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही वेळेवर पडेलच असे नाही. या अनिश्चितपणाचे एक मोठे कारण अरबी समुद्राच्याही फार पलीकडे, प्रशांत महासागरात आहे. ते समजून घेतल्यास पेरणी, चारा आणि मजुरी यांविषयीचे काही निर्णय आधीच घेता येतात.

समुद्र तापतो तेव्हा

प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ एरवी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते पृष्ठभागावरील उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटीत नेतात. तिकडे हवा तापून वर चढते, ढग बनतात व पाऊस पडतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर त्याच वेळी तळाचे थंड पाणी वर येते. त्या पाण्यात मासळीचे खाद्य विपुल असते.

साधारण दोन ते सात वर्षांनी हे वारे मंदावतात. उबदार पाणी पूर्वेकडे परत सरकते आणि त्याच्यामागे ढगांचे स्थानही सरकते. मग पेरूच्या किनाऱ्यावर अतिवृष्टी होते, तर इंडोनेशिया व ऑस्ट्रेलियाचा पूर्वभाग कोरडा पडतो. भारतावरील हवा खाली दबू लागून मोसमी पाऊस अनेकदा क्षीण होतो. हा बदल नाताळच्या सुमारास जाणवत असल्यामुळे पेरूच्या कोळ्यांनी त्यास ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. याच्या उलट स्थितीस ‘ला निना’ म्हणतात. त्या वर्षी आपल्याकडे बहुधा चांगला पाऊस होतो.

या शोधाच्या मुळाशी भारतातील दुष्काळच आहेत. १८९९ साली पाऊस चुकून मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर १९०४ साली भारताच्या वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदी तपासल्या. त्यांतूनच प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाच्या चढउताराचा भारतातील पावसाशी असलेला संबंध उजेडात आला.

१९७२: दोन किनाऱ्यांवरील एकच संकट

आधीच्या दोन वर्षांच्या अपुऱ्या पावसावर १९७२ सालचा एल निनो आला आणि महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. मराठवाड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे खडी फोडण्याच्या व तलावांच्या कामांवर गेली. मिलो आणि सुकडी यांवर त्या काळी दिवस काढलेली माणसे आजही गावोगाव भेटतील. रोजगार हमी योजनेचा पाया याच काळात घातला गेला.

नेमक्या त्याच वेळी पेरूचे कोळी रिकामी जाळी घेऊन परतत होते. किनाऱ्याचे पाणी उबदार झाल्याने अँकोव्हेटा मासळी नाहीशी झाली. या मासळीची भुकटी जगभर पशुखाद्यात वापरली जात असे. तिचा तुटवडा पडताच १९७३ साली जागतिक बाजारात सोयाबीनचे भाव भडकले. समुद्राच्या एका बदलाने मराठवाड्यातील मजूर, पेरूचा कोळी आणि परदेशांतील पशुपालक असे तिघेही अडचणीत आले.

कोरडवाहू शेत ते उसाचा फड

२०१५ सालच्या प्रबळ एल निनोत मराठवाड्यात पावसाळ्यातील पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी झाला. बीड जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

बीडला या संकटाचा आणखी एक पदर आहे. येथून दर वर्षी लाखो ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. पाऊस चुकला की घरखर्चासाठी मुकादमाकडून अधिक उचल घ्यावी लागते. परंतु त्याच दुष्काळात उसाची नवी लागवड घटते आणि उभा ऊस चाऱ्याला जातो. त्यामुळे पुढील गाळप हंगाम आखूड होतो. महाराष्ट्रात २०१४-१५ साली सुमारे १०५ लाख टन साखर झाली होती. ती २०१५-१६ साली ८४ लाख टन आणि २०१६-१७ साली अवघी ४२ लाख टन झाली. म्हणजे उचल वाढते आणि ती फेडण्याचे काम मात्र पुढच्या वर्षी कमी होते.

इशारा समजावा, निकाल नव्हे

एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडलाच, असे मात्र समजू नये. १९९७ सालचा एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराची स्थिती अनुकूल होती. उलट २०२३ साली जूनमध्ये एल निनो प्रस्थापित झाला आणि देशातील ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. त्या वर्षी राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत वडवणी, धारूर व अंबाजोगाई यांचा समावेश होता.

गावाने करावयाच्या गोष्टी

भारतीय हवामानशास्त्र विभाग एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा पहिला अंदाज देतो व पेरणीपूर्वी तो सुधारतो. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. अंदाज प्रतिकूल असल्यास पुढील गोष्टी कराव्यात.

पहिल्या सरीवर धूळपेरणीची घाई करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच पेरावे. दुबार पेरणीचे बियाणे व खत कर्ज काढूनच आणावे लागते. सर्व रान एकाच पिकाखाली आणू नये. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात. कपाशीत मूग किंवा उडीद घ्यावा. पाऊस लांबल्यास मूग व उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर आणि कपाशी १५ जुलैनंतर पेरू नये. बाजरी, तूर, सूर्यफूल यांकडे वळावे. पिकांत ठरावीक ओळींनंतर सरी काढावी, म्हणजे पडलेला पाऊस शेतातच मुरतो. कडबा विकून टाकू नये. पीकविम्याची मुदत चुकवू नये.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांना पुढील हंगाम आखूड होण्याचा संभव वेळीच समजावून सांगावा, म्हणजे उचल किती घ्यावी याचा विचार त्यांना करता येईल. गावातील बांधबंदिस्तीच्या व पाझर तलावांच्या कामांचा आराखडाही मंजुरीसह तयार असावा. १९७२ साली लोक कामाच्या शोधात निघाल्यावर कामे उघडली गेली. आज समुद्राचा इशारा काही महिने आधी मिळतो. तेव्हा पाऊस चुकल्याचे दिसताच गावात काम सुरू होईल, एवढी तयारी तरी उन्हाळ्यातच झाली पाहिजे.