पात्याचे साल, मुठीचे साल

दसऱ्याला साताऱ्यात भवानी तलवारीची मिरवणूक निघते, तशीच सातारा-सांगलीकडच्या कितीतरी वाड्यांत त्या दिवशी देव्हाऱ्यासमोर जुनी शस्त्रे मांडली जातात. पट्टा, कट्यार, एखादा भाला आणि बहुतेक घरांत एक लांब, सरळ पात्याची तलवार. बखरी तिला फिरंग म्हणतात, कुणी धोप म्हणतात. ती केव्हाची, असे विचारले की उत्तर एकच मिळते. शिवकाळातली, थोरल्या शाहू महाराजांच्या वेळची किंवा पानिपतावर गेलेली. उत्तर खोटे असतेच असे नाही, पण प्रश्नच अपुरा असतो. अशा तलवारीला एक जन्मसाल नसते. पाते घडले त्याचे साल वेगळे, त्याला मूठ बसली त्याचे वेगळे, त्यावर अक्षरे कोरली गेली त्याचे वेगळे आणि ती घराण्यात आली त्याचे आणखी वेगळे. ही चार साले निरनिराळी वाचल्याशिवाय तलवारीचे वय सांगता येत नाही, आणि पात्यावर एखादा आकडा दिसलाच तर त्यावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवावा, असे माझे म्हणणे आहे.

आकड्यावर शेवटी का, हे विसाव्या शतकातल्या एका जर्मन पिस्तुलावरून चांगले कळते. कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार झालेल्या, नंबर ठोकलेल्या हत्याराचे साल काढणे सर्वांत सोपे असायला हवे. पण पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीवर शस्त्रनिर्मितीचे निर्बंध आले होते. त्यामुळे ओबर्नडॉर्फच्या माउजर कारखान्याने लष्करासाठी लुगर पिस्तुले काढायला घेतली तेव्हा त्यांवर कारखान्याचे नाव न घालता ‘एस/42’ अशी खूण मारली आणि सालाच्या जागी नुसते अक्षर ठेवले. के म्हणजे 1934, जी म्हणजे 1935. पुढे एस गळून नुसते 42 उरले आणि 1941 पासून त्या जागी ‘बीवायएफ’ ही तीन अक्षरे आली. त्या सुमारास साल दोन आकड्यांत ठोकू लागले. म्हणजे 42 हा आकडा एका पिस्तुलावर कारखान्याचा संकेत आहे आणि दुसऱ्यावर 1942 हे साल. कुठल्या जागी ठोकला आहे हे पाहिल्याशिवाय तो वाचला तर हिशेब चुकलाच. 1945 मध्ये कारखाना फ्रेंच सैन्याच्या ताब्यात गेला आणि बरेच कागद नष्ट झाले. नंतरच्या अभ्यासकांनी काय केले? हाती लागेल त्या प्रत्येक पिस्तुलाचा नंबर, खूण आणि ठोकणीची जागा टिपून ठेवली आणि त्या टिपणांच्या ढिगातून कारखान्याचा क्रम पुन्हा उभा केला. कागद गेले तरी वस्तू बोलतात, मात्र एकेकटी नव्हे, पुष्कळ एकत्र आल्यावर. साताऱ्याच्या फिरंगेकडे जाताना ही गोष्ट सोबत घ्यावी.

फिरंग हे नावच सांगते की पाते फिरंग्यांच्या मुलखातले. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्याच्या पोर्तुगीजांमार्फत, पुढे इंग्रजांच्या गलबतांतूनही, युरोपातली नुसती पाती, मुठीविना, किनाऱ्यावर उतरत आणि घाट चढून वर येत. त्यांतली बरीचशी जर्मनीतल्या झोलिंगेन या एकाच गावातली असत. वुपर नदीकाठच्या या डोंगराळ गावात ओढ्यांच्या पाण्यावर सहाणेची चाके फिरत. पाते घडवणारा एक, त्याला पाणी देणारा दुसरा, धार लावणारा तिसरा आणि मूठ बसवणारा चौथा, अशी कामाची कडक वाटणी होती आणि कारागिरांच्या वेगवेगळ्या संघटना. इतकी शिस्त असलेल्या गावाच्या खुणांवर डोळे मिटून विश्वास ठेवावासा वाटतो. पण इथेच सावध व्हायला हवे. झोलिंगेनच्या पात्यांवर दिसणारा धावता लांडगा मुळात पासाऊ या दुसऱ्या गावाचा. त्या गावाचे नाव मोठे होते म्हणून झोलिंगेनकरांनी तो उचलला. इटलीतल्या आंद्रेआ फेराराचे आणि स्पेनमधल्या तोलेदोच्या सहागुनाचे नाव झोलिंगेनच्या पात्यांवर सर्रास आढळते, तेही कधी अक्षरे चुकवून. आणि लांडग्याशेजारी पुष्कळ वेळा 1414 हा आकडा कोरलेला असतो. पाहणाऱ्याला वाटते साल सापडले. पण तोच आकडा सतराव्या शतकातल्या पात्यांवर पुन्हा पुन्हा येतो. ते साल नव्हे. शुभ मानलेला किंवा गिऱ्हाइकाला ओळखीचा झालेला तो एक अंक आहे. ज्या गावाने शेकडो वर्षे दुसऱ्यांची नावे आपल्या मालावर घातली, त्याच झोलिंगेनचे नाव इतरांनी वापरू नये म्हणून जर्मनीत 1938 साली खास कायदा करावा लागला.

नकलेची साखळी युरोपातच संपत नाही. जेनोवाच्या पात्यांवर दोन अर्धचंद्र एकमेकांसमोर असत आणि त्यांना बाहेरून दाते. मिटलेल्या डोळ्याच्या पापण्यांसारखी ही खूण झोलिंगेनने घेतली आणि आपल्याकडच्या लोहारांनीही घेतली. दख्खनेत घडलेल्या कितीतरी पात्यांवर ती दिसते, कधी नीट, कधी दात्यांच्या जागी नुसते ठिपके. म्हणजे एखाद्या फिरंगेवरची जेनोवाची खूण तीन ठिकाणांपैकी कुठलीही असू शकते, जेनोवा, झोलिंगेन किंवा इथलीच एखादी भट्टी. मग ओळखायचे कशावरून? खुणेवरून नव्हे, पात्यावरून. युरोपातल्या पात्याला लांबीच्या दिशेने दोन-तीन पन्हळी असतात आणि त्या अगदी सरळ, सारख्या खोलीच्या, यंत्राच्या चाकावर काढल्यासारख्या असतात. (या पन्हळी रक्त वाहून जाण्यासाठी असतात हा समज चुकीचा आहे. वजन घटवून पाते ताठ ठेवणे एवढेच त्यांचे काम.) देशी मुशीतल्या पोलादाचे पाते असेल तर नीट शिकल केल्यावर त्यावर पाण्याच्या लाटांसारखे जौहर उमटते. युरोपच्या पात्यावर ते उमटत नाही. पोलाद कुठल्या जातीचे, पन्हळ कशी काढली, टोक कसे निमुळते केले, या गोष्टी नकलाकाराला खुणेइतक्या सहज उचलता येत नाहीत. म्हणून साक्ष त्यांची आधी घ्यावी आणि खुणेची मागून.

आता मूठ. आपल्याकडच्या तलवारीची मूठ पात्याला कशी धरून राहते हे पाहिले की अर्धे कोडे सुटते. पात्याची मुठीत जाणारी शेपटी आखूड असते. पोकळ मुठीत राळ किंवा लाख वितळवून ओततात, तापलेली शेपटी आत दाबतात आणि थंड झाले की पकड पक्की. काहींना वरून एखादा रिबिट. मूठ पुन्हा विस्तवावर धरली की लाख मऊ होते आणि पाते हातात येते. युरोपच्या तलवारीत शेपटी लांब असते आणि मुठीच्या आरपार जाते. त्यामुळे आयात पाते इथे आले की त्याची शेपटी तोडून आखूड करायची आणि मुळाशी दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या ठोकून ते बळकट करायचे, अशी रीत पडली. शस्त्रांची दुरुस्ती करणाऱ्या शिकलगाराच्या दृष्टीने मूठ बदलणे हे एका दुपारचे काम होते. पाते चांगले असेल तर ते तीन पिढ्यांत तीन मुठी पाहू शके. पणजोबाची साधी लोखंडी मूठ, आजोबाची कोफ्तगारी म्हणजे सोन्या-चांदीच्या तारेची नक्षी केलेली, नातवाने लग्नात मिरवायला घेतलेली चांदीची. मुठीचा आकारही काळाप्रमाणे बदलत गेला. बोटांवरून येणारी परज, मागची कटोरी, कटोरीतून वर निघालेला आणि दुसऱ्या हाताने धरायचा दांडा, यांच्या घडणीवरून मुठीचा काळ बराच नेमका सांगता येतो. पण तो मुठीचाच. अठराव्या शतकातल्या मुठीवरून पाते अठराव्या शतकातले म्हणणे म्हणजे खोगिरावरून घोड्याचे वय सांगणे.

हा विचार आपल्या सर्वांत पूज्य तलवारींना लावायला काहींना संकोच वाटेल. मला तो लावणेच आदराचे वाटते. लंडनच्या राजसंग्रहातली जगदंबा तलवार 1875-76 च्या दौऱ्यात कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून इंग्लंडच्या युवराजाला गेली. तिचे पाते युरोपी आहे आणि त्यावर ‘आयएचएस’ ही ख्रिस्ती अक्षरे तीनदा आहेत. साताऱ्याच्या राजघराण्यातल्या तलवारीवर शाहू महाराजांच्या नावाचा देवनागरी लेख आहे. या लेखावरून दोन्ही बाजूंनी वाद होत आला. एक पक्ष म्हणतो, नाव शाहूंचे, म्हणून तलवार शाहूंचीच, आधीची नव्हे. दुसरा पक्ष लेखाकडे लक्षच देत नाही. दोघांचीही चूक एकच, अक्षरांचे साल ते पात्याला लावतात. शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास 12 जानेवारी 1708 रोजी झाला. तो लेख सांगतो की त्यानंतर केव्हातरी ही तलवार त्यांच्या शस्त्रागारात दाखल होती. पाते त्याआधी पन्नास वर्षे घडले असेल, शंभरही असतील, किंवा त्याच काळातले असेल. ते लेख सांगत नाही, तो सांगण्यासाठी कोरलाही नाही. सरकारी मालाला शिक्का मारावा तसा तो आहे. तीन आयएचएसचेही तेच. ती अक्षरे पात्याच्या जन्मगावाबद्दल बोलतात, कोणी कधी हाती धरले याबद्दल नाही.

पाते परदेशी निघाले तर आपल्या इतिहासाला कमीपणा येतो, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. मला यात कमीपणा दिसत नाही. लांब पल्ल्याची, ताठ, एकसारख्या दर्जाची पाती कुठे मिळतात हे हेरून समुद्रापलीकडून ती मिळवायची, तोडून, पट्ट्या ठोकून आपल्या मुठीत बसवायची आणि आपल्या लढाईच्या रीतीला लावायची, यात पारख आहे आणि कारागिरीही. दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे. इतका काथ्याकूट कशाला, प्रयोगशाळेत लोखंड तपासून घ्यावे. कोळशावर गाळलेल्या लोखंडातला कार्बन मोजून काळ काढता येतो हे खरे. पण त्यासाठी पात्याचा तुकडा द्यावा लागतो. त्यातच लोहार जुने लोखंड नव्यात मिसळत असल्याने उत्तर भलत्याच काळाचे येऊ शकते. आणि लोखंड गाळल्याचा काळ कळला तरी मुठीचा, लेखाचा आणि घराण्याचा प्रश्न तसाच राहतो. तिसरा आक्षेप श्रद्धेचा. पूजेतल्या तलवारीला वय विचारू नये म्हणतात. पण पूजा तलवारीची होते, तिच्याबद्दल कुणी सांगितलेल्या सालाची नव्हे. साल चुकीचे निघाले म्हणून एका घरानेही आपली तलवार पाटावरून उचललेली नाही.

घराण्याकडे येण्याचे साल हे चौथे आणि सर्वांत निसरडे, कारण ते फक्त सांगण्यावर उभे असते. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले वाघनख साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आले आणि पाहायला रांगा लागल्या. ते साताऱ्यात 1818 मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून लंडनला पोचले, एवढा धागा पक्का. सोबतच्या पेटीवरच्या मजकुरात ते शिवाजी महाराजांचे असल्याचे लिहिले आहे. पण अफजलखानाच्या प्रसंगात वापरले ते हेच, याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतः सांगितले. 1659 आणि 1818 यांच्यामध्ये जवळजवळ एकशे साठ वर्षांचे अंतर आहे आणि त्या अंतरावर एकही कागद नाही. हे स्पष्ट सांगण्याने वाघनखाचे मोल घटले असे मला वाटत नाही. उलट कुठवर खात्री आहे आणि कुठून पुढे परंपरा आहे, ही रेघ ओढलेली वस्तू अभ्यासाला अधिक मोलाची.

ही रेघ ओढू शकणारी माणसे या भागात होती. ती म्हणजे शिकलगार. पाते हातात घेऊन, बोटाने टिचकी मारून, पन्हळीवर नख फिरवून ते कुठले हे सांगणारा हा समाज. इंग्रजी अंमल आला, संस्थानी फौजा मोडल्या, साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले, 1878 मध्ये हत्यारांचा कायदा आला आणि तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. मिरजेत फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घराण्याने तर या कायद्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारी सोडून सतार आणि तंबोरा हाती घेतला. पटवर्धन संस्थानिकांकडे गवई येत, त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता ते स्वतः बनवू लागले. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आहे, आणि ते मिरजेने कष्टाने कमावलेले आहे. पण हात पोलादावरून भोपळ्याकडे आणि लाकडाकडे वळले, तेव्हा पाती वाचण्याची विद्या कुणी लिहून ठेवली नाही. माउजरचे कागद गेले. इथे तर कागद कधी नव्हतेच, जे होते ते बोटांत होते.

म्हणून ज्यांच्या घरी फिरंग, पट्टा, धोप आहे त्यांना एक कळकळीची विनंती. येत्या दसऱ्याला पाते घासायला घेण्याआधी थांबा. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू यांनी एका सकाळी जी खूण जाते ती पुन्हा येत नाही, आणि जौहरही त्यासोबत जाते. मुठीलगतची पट्टी आणि तिच्यावरचा पात्याचा वीतभर भाग दोन्ही बाजूंनी दिवसाउजेडी मोबाइलवर टिपा. लांबी मोजा, पन्हळी मोजा, अक्षरे दिसली तर चुकलेली असली तरी जशीच्या तशी उतरवून घ्या. मूठ हलत असेल तर लगेच नवी बसवू नका. घरात जे सांगतात ते सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह वहीत लिहा, पण पात्याच्या टिपणापासून वेगळ्या पानावर. आणि ती वही, तलवार नव्हे, जवळच्या संग्रहालयाला किंवा इतिहास मंडळाला दाखवा.