खोक्यावरचे वॉट आणि खरे वॉट

गाडीत गाणी लावून चार दिवस कुठंतरी जावं, ही आपल्या मध्यमवर्गाची साधी हौस. ती एकदा माझ्या चांगलीच अंगाशी आली होती. २००४ सालची गोष्ट. मी एक जुनी मारुती ८०० घेतली आणि एका दुकानातून तिला ॲम्प्लिफायर, मागच्या काचेखाली दोन लंबगोल स्पीकर आणि डिकीत वूफर बसवून घेतला. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर ठळक आकडा होता, '१२०० वॉट'. दुसऱ्याच रविवारी आई आणि मुलांना घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाटात रबर जळल्यासारखा वास आला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर बॅटरीपासून आत गेलेली वायर धुमसत होती. सगळ्यांना आधी खाली उतरवलं. एका ट्रकवाल्यानं दहा नंबरचा पाना आणून बॅटरीचं कनेक्शन सोडवलं, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यानं विचारलं, "साहेब, वायरचा फ्यूज कुठंय?" मी ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज दाखवला. तो हसला. म्हणाला, "हा मशीनचा फ्यूज. वायरचा कुठंय?"

वायर इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकातून आली होती. त्या भोकाला रबराची चकती नव्हती. पत्र्यावर घासून वायरचं आवरण फाटलं आणि वायर थेट गाडीच्या सांगाड्याला टेकली. शॉर्टसर्किट झालं ते बॅटरी आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधे. मग डिकीतला फ्यूज उडून उपयोग काय? बॅटरीतून सगळा करंट त्या वायरीतून वाहत राहिला. म्हणून पहिला नियम असा, की मुख्य फ्यूज बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत असला पाहिजे. तो वायरच्या रक्षणासाठी असतो.

मग त्यानं ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला. त्यावर '२५' लिहिलं होतं. म्हणाला, "यातून १२०० वॉट कुठून येणार?" त्या एका प्रश्नानं मला या विषयाचं गणित शिकवलं.

ते गणित सोपं आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. २५ अँपियर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ३५० वॉट. एवढी वीज ॲम्प्लिफायर आत घेऊ शकतो. माझा ॲम्प्लिफायर जुन्या 'एबी' पद्धतीचा होता. त्यात निम्म्याच्या आसपास विजेचा आवाज होतो, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणजे हाती आले पावणेदोनशे वॉट! आताच्या 'डी' पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये पाऊणपट किंवा थोडी जास्तच वीज कामी येते, म्हणून ते लहान असतात आणि कमी तापतात. एक मात्र ध्यानात ठेवा. फ्यूज मोठा असला म्हणजे वॉट आहेतच असं नाही. पण फ्यूज लहान असेल तर वॉट नाहीतच.

आता तुम्ही म्हणाल, मग खोक्यावरचा आकडा येतो कुठून? तो बहुधा 'पीक' किंवा 'मॅक्स', म्हणजे क्षणभराचा. आपण पाहायचा तो 'आरएमएस' वॉटचा आकडा, सतत मिळणाऱ्या शक्तीचा. त्यासाठी अमेरिकेत सीटीए-२००६ नावाचं मानक आहे. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि आवाजात १ टक्क्याहून जास्त बिघाड न होता किती वॉट मिळतात, ते त्यात मोजतात. हे चिन्ह असलेल्या खोक्यावर अधिक भरवसा ठेवता येतो.

डॅशबोर्डमधल्या स्टीरिओवर '५० वॉट गुणिले ४' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. १४.४ चा वर्ग केला आणि ४ ओहमनं भागला, की जवळजवळ ५२ येतात. पण आवाजाची लाट पार चौकोनी होऊन फाटते, तेव्हाचा हा हिशेब. स्वच्छ आवाजाचे हाती येतात वीसेक वॉट. आवाज वाढवला की गाणं किरटं होतं ते यामुळेच. आणि अशा फाटक्या आवाजानं ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा स्पीकर, जळूही शकतो. ॲम्प्लिफायर लागतो तो यासाठी, नुसता गोंगाट वाढवण्यासाठी नव्हे. तो बॅटरीचा व्होल्टेज आत वाढवून घेतो, म्हणून त्याला जास्त शक्ती देता येते.

स्पीकर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्याचे आरएमएस वॉट. ॲम्प्लिफायर दर चॅनेलला ५० वॉट देत असेल तर स्पीकरही ५० ते ७५ वॉट सतत पेलणारा हवा. दुसरी, संवेदनशीलता. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो, तो हा आकडा. ८८ डेसिबलऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज पुरते. तिसरी, ओहम. गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे असतात. असे दोन समांतर जोडले की २ ओहम होतात. ॲम्प्लिफायर २ ओहम पेलणारा नसेल, तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो.

खरेदीचा क्रमही आपण उलटा लावतो. आधी डिकीत वूफर ठेवतो आणि मग गायकाचा आवाज शोधत बसतो! आधी पुढच्या दारांतले स्पीकर चांगले घ्या. दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावा. पत्र्याची थरथर थांबली की तोच स्पीकर भारदस्त वाजतो. मग ५० वॉट आरएमएसचा चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर. तरी उणीव वाटली तरच वूफर. नव्या गाड्यांत पडदा डॅशबोर्डमध्येच बसवलेला असतो आणि स्टीरिओ बदलता येत नाही. तिथं स्पीकरच्या वायरींवरूनच सिग्नल घेणारा ॲम्प्लिफायर निवडावा आणि कंपनीच्या वायरी न कापता जुळणारा कपलर वापरावा. कापलेली वायर वॉरंटीच्या आड येऊ शकते.

अशा ॲम्प्लिफायरला ८ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर आणि ४० अँपियरचा फ्यूज पुरतो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तिच्यातून तेवढा करंट नेता येत नाही. अर्थिंगची वायर आखूड ठेवून रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळा. विजेची वायर एका बाजूनं आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूनं न्या, म्हणजे इंजिनाबरोबर वाढणारी ती शिटी ऐकू येत नाही.

शेवटी कानांविषयी. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा सांगते. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. काचा बंद असलेल्या गाडीत १०० डेसिबल गाठायला फार मोठी सामग्री लागत नाही. जळालेली वायर बदलता येते, कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. शिवाय मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यायला नको का?

म्हणून दुकानात गेलात की ढोलताशाचं गाणं लावून परीक्षा घेऊ नका. रेडिओवरच्या बातम्या लावा. माणसाचा आवाज आपल्या ओळखीचा असतो, तो फसवत नाही. निवेदक पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटलं, तर स्पीकर किंवा जुळणी चुकली आहे. निवेदक समोर बसल्यासारखा वाटला, तर ठीक. मग बॉनेट उघडायला सांगा आणि बॅटरीजवळचा फ्यूज स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.