धाराशिवहून वायनरीच्या वाटेवर

धाराशिव जिल्ह्याला द्राक्षबागांचं अप्रूप नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, घड जीए या संजीवकात बुडवणं आणि माल उतरेपर्यंत अवकाळीची धास्ती, हे इथल्या बागायतदाराच्या अंगवळणी पडलेलं आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे वाण आपल्याच बागेत निवडले आणि देशभर पोचवले. पण याच फळाची वाइन कशी होते, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं या भागात थोडीच. त्यासाठी नाशिकच गाठायला हवं असं नाही. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत अकलूजकडे वळलं की माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेल्ली वाइन्सच्या बागा लागतात.

2007च्या सुमारास अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून हा उद्योग उभारला. कलमं फ्रान्सहून आणली, वाइन घडवायला इटलीतल्या टस्कनीचे पिएरो मासी आले. त्यांच्याच प्रांतातलं सांजोव्हेजे हे द्राक्ष सोलापूरच्या उन्हात वाढू लागलं. ते आणि काबर्ने सोव्हिन्यों मिळून इथली ‘सेट्टे’ ही वाइन होते.

वायनरीत गेल्यावर पेल्याआधी बाग पाहावी. आपल्या खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगलेला हवा, साल पातळ हवी, बी नको. वाइनला नेमकं उलटं लागतं. मणी लहान, साल जाड, आत बी. रंग आणि तुरटपणा सालीत आणि बीतच असतो. गोडी बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत चढू देतात, आणि वेलावर माल मुद्दाम कमी ठेवतात. एकरी उत्पन्न वाढवण्यात हयात घालवलेल्या शेतकऱ्याला हे पाहून आधी नवल वाटतं, मग प्रश्न सुचू लागतात.

काढणी साधारण जानेवारी ते मार्च. ऊन चढण्याआधी घड उतरवून आणतात, देठ वेगळे होतात. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच दाबून काढतात आणि थंड ठेवूनच आंबवतात. लाल वाइनसाठी रस सालींसकट पोलादी टाकीत जातो. यीस्ट साखर खाऊ लागलं की वायू सुटतो आणि साली वर येऊन त्यांचा जाड थर बसतो. तो कोरडा पडला तर वाइन बिघडते, म्हणून खालचा रस पंपानं वर खेचून त्यावर पुन्हा पुन्हा सोडतात. टाकीजवळ उभं राहिलं की आंबूस, फळाचा वास येतो. पुढे निवडक वाइन 225 लिटरच्या ओकच्या पिंपांत मुरते.

याहून लहान आवाका पाहायचा असेल, तर इगतपुरीजवळ कावनईला शैलेंद्र पै यांची व्हॅलोने आहे. अशा लहान वायनरीत वाइन करणारा माणूसच अनेकदा समोर भेटतो, त्याला थेट विचारता येतं. कुठेही जा, आधी कळवून जा, आणि गाडी चालवणाऱ्यानं चव घेऊ नये.

वायनरी पाहून वाइनचं द्राक्ष लावायचा मोह झाला, तर आधीचा अनुभवही आठवावा. महाराष्ट्र सरकारनं 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, तेव्हा वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. 2008च्या मंदीनंतर मागणी आटली आणि अनेकांना वाइनच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. खाण्याचं द्राक्ष व्यापाऱ्यानं नाकारलं, तर त्याचा बेदाणा तरी होतो. बारीक, बियांच्या वाइन द्राक्षाला वायनरीशिवाय दुसरं गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच.

या मातीचा वाइनच्या व्यापाराशी संबंध जुना आहे. तेरणाकाठचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे, की तगरचं कापड गाड्यांनी भरुचला जाई आणि त्याच बंदरात इटलीची वाइन उतरे. त्या व्यापारात आपला वाटा कापडाचा होता. आज इटलीतलं द्राक्ष इथून काही तासांच्या वाटेवर पिकतं आहे. म्हणून धाराशिवच्या बागायतदारानं हंगामात एकदा वायनरी जरूर पाहावी: वाण, माती, एकरी माल, दर, सगळं विचारून घ्यावं. आणि स्वतः लावायचं मनात आलंच, तर खरेदीचा लेखी करार हातात आल्यावरच खड्डे खणावेत.