पैसा थांबला की हिवताप परततो

हिवतापविरोधी मोहिमेवर एकदा खर्च करून मोकळे होता येत नाही. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी जेमतेम तीन वर्षे टिकते, भिंतींवरच्या फवारणीचा असर काही महिन्यांचाच. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात लहान मुलांना पावसाळ्यात दर महिन्याला प्रतिबंधक औषध द्यावे लागते. त्यामुळे निधी किती मिळाला याइतकेच तो कधी मिळाला यालाही महत्त्व असते. पाऊस सरल्यावर पोचलेली रक्कम हिशेबात पूर्ण दिसते. त्या हंगामातल्या मुलांना तिचा काहीच उपयोग नसतो.

आफ्रिकेतील अनेक देशांत हा खर्च मुख्यतः दात्यांच्या पैशावर चालतो. त्यात सर्वांत मोठा वाटा अमेरिका आणि एड्स, क्षयरोग व हिवताप या तिन्हींविरुद्ध पैसा पुरवणारा ग्लोबल फंड यांचा. फंडाची तिजोरी दर तीन वर्षांनी श्रीमंत देशांच्या आश्वासनांतून भरते. २०११ मध्ये पैसा कमी पडल्याने त्याला अनुदानाची अकरावी फेरी रद्द करावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली. त्याच वर्षी फंडाने १८ अब्ज डॉलर मागितले. नोव्हेंबरमध्ये आश्वासने मिळाली सुमारे ११.३ अब्जांची. तूट आधीही होतीच: २०२३ मध्ये जगभर ८.३ अब्ज डॉलरची गरज असताना हिवतापासाठी ४ अब्जच उभे राहिले. त्या वर्षी या रोगाने सुमारे ५ लाख ९७ हजार बळी घेतले.

हात आखडता घेतल्याची किंमत इतिहासात नोंदलेली आहे. श्रीलंकेत १९६३ मध्ये अवघे १७ रुग्ण उरले, फवारणी थांबवली गेली आणि १९६८-६९ मध्ये रुग्णसंख्या पाच लाखांपलीकडे गेली. भारतातही १९६१ मधले सुमारे ५० हजार रुग्ण १९७६ पर्यंत ६४ लाख झाले. अर्थात इथे डीडीटीला सरावलेले डासही कारणीभूत होते. हिवतापाच्या अशा ७५ पुनरागमनांचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ६८ ठिकाणी नियंत्रणाचे काम ढिले पडले होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा मूळ अडचण पैशाची होती.

परतलेला हिवताप अधिक घातक ठरू शकतो. वारंवार लागण होणाऱ्या भागात मोठ्या माणसांच्या अंगी थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. रोग हटला की तीही ओसरते. म्हणजे मोहीम अर्ध्यात सोडणे हे ती न करण्यापेक्षाही कधीकधी महाग पडते.

श्रीलंकेने दुसऱ्यांदा ही चूक केली नाही. २०१२ नंतर तिथे हिवतापाने पुन्हा मूळ धरलेले नाही, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशाला हिवतापमुक्त ठरवले, तरी सरकारचा हिवतापविरोधी विभाग आजही कामावर आहे.