‘पत्री सरकार’ : एका नांवाची जन्मकथा

सत्तेला टोपणनांव देण्याची लोकांची हौस फार जुनी आहे. कैदी नेणाऱ्या पोलिसांच्या बंद गाडीस इंग्रजी बोलीनें ‘ब्लॅक मराया’ म्हटलें. सातारा-सांगलीकडील बोलीनें तर एका सबंध सरकारासच टोपणनांव दिलें. तें म्हणजे ‘पत्री सरकार’.

१९४२ च्या चळवळींतून हें सरकार जन्मास आलें. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९४३ पासून १९४६ पर्यंत वाळवा, तासगांव, खानापूर या भागांत त्याचा अंमल चालला. हे तालुके तेव्हां सातारा जिल्ह्यांतच होते. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ सालीं वेगळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. या सरकारचीं न्यायदान मंडळें होतीं, ‘तुफान सेना’ होती, आणि त्याचें शिष्टसंमत नांव ‘प्रतिसरकार’ असें होतें.

मग ‘पत्री’ कोठून आली? बैलाचे खूर झिजूं नयेत म्हणून त्यास आडवा पाडून, पाय बांधून, खुरांस जो लोखंडी तुकडा ठोकतात, ती पत्री. गांवगुंड व पोलिसांचे खबरे यांचे पाय बांधून हें सरकार तळपायांवर काठीचे फटके देई. शेतकऱ्यास तें दृश्य ओळखीचें वाटलें. ‘त्याला पत्र्या मारल्या’ असें लोक म्हणूं लागले; आणि माणसांच्या पायांत खरोखरच पत्र्या ठोकतात, अशी वदंताहि पसरली.

‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग शेतकऱ्याच्या नित्याच्या बोलण्यांतला नव्हे. अनोळखी ध्वनि कानीं पडला, कीं जीभ त्यास ओळखीच्या शब्दाकडे वळविते. ‘हू कम्स देअर’ या पहारेकऱ्याच्या पुकाऱ्याचें हिंदी शिपायांच्या तोंडीं ‘हुकुमदार’ झालें, तें असेंच. येथें ध्वनीला अर्थाचीहि जोड मिळाली, म्हणून हें नांव टिकलें.

आज सभासमारंभांत आपण ‘पत्री’ सुधारून ‘प्रतिसरकार’ म्हणतों. त्या शुद्ध नांवांत स्वातंत्र्याची आकांक्षा आहे. परंतु ज्याचे पाय बांधले गेले, त्याला दाद मागण्यास वरचें न्यायालय नव्हतें, ही गोष्ट अशुद्ध नांवानेंच जपून ठेविली आहे. ‘पत्री’ म्हणतांना गरिबास धीर वाटे आणि कोणास धडकीहि भरे. इतिहास सांगतांना या दोन्ही भावना सांगावयाच्या असतील, तर लोकांनीं दिलेलें नांव पुसून चालणार नाहीं.